हात न लावता ओळखलेलं बियाणं

माय, तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग यातल्या दोन-तीन जागा मी हळूच गाळून वाचल्या असत्या. तू खाली बघत दाणे निवडत राहिली असतीस आणि मध्येच म्हणाली असतीस, "मंधातलं काई सोडलं का वं?" तुला कळायचं. आता वाचून दाखवायचं नाही, म्हणून काहीच गाळत नाही. मला वहिनीबद्दल लिहायचं आहे. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते आणि ती नुकती वर्ष-दीड वर्षाची सून होती. तेवढ्या काळात तू तिला जे दिलंस त्याचा हेवा मी चौदा वर्षं करत आले आहे. या उन्हाळ्यात त्या हेव्यापायी मी एक गोष्ट केली, ती तुला सांगायची आहे.

आपला ओसरीचा कोपरा मला अजून जसाच्या तसा दिसतो. मे महिना आहे, ऊन दारापर्यंत आलं आहे, आणि तू भिंतीला टेकून बसली आहेस. पुढ्यात सूप. बायका पदरात मूठ-मूठ सोयाबीन बांधून येतात, कोणी शेलूबाजाराहून जीपमधून उतरून थेट तुझ्याकडे. तू गाठ सोडतेस, दाणे तळहातावर घेतेस, फुंकर मारतेस, नाकाशी नेतेस, एक दाणा दाढेखाली धरतेस. कट्. मग सांगतेस, "हे पेर," किंवा "याचं तेल झालं बाई, खवट मारून राह्यलं, हे डाळीतही नको घालू." कोणी वाद घातला तर तू गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यात तिचेच दाणे ओळीनं मांडून, गुंडाळून तिच्या हातात द्यायचीस. "चार दिवसांनं खोलून पाय, अन् मग ये भांडाले." भांडायला कोणी आल्याचं मला आठवत नाही. सोयाबीनचं साल नाजूक असतं, पोतं उंचावरून आपटलं तरी कोंब मरतो, वर्ष उलटलं की दाणा वरून तसाच दिसतो पण आतून गेलेला असतो, हे मी पुढे कॉलेजात शिकले. तिथे बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि मला सारखं वाटत होतं की हे सगळं मी आधी ऐकलं आहे. पण मी ते ऐकलं होतं दारातून. माझ्या पाठीवर दप्तर होतं.

आपल्या घरात शाळेची पायरी नीट चढलेली मी पहिली. दादाचं नाव हजेरीत होतं, दादा बकऱ्यांमागे होता. तुझा माझ्यावर किती जीव होता हे मला त्या कंपासपेटीवरून कळायचं. मालेगावच्या बाजारातून तू ती आणलीस. पत्र्याची, निळी, आत कोनमापक आणि टोकदार काटे. त्याच दिवशी तू वहिनीसाठी नवं सूप आणलंस. तिनं ते कपाळाला लावलं. मी मनात म्हणाले, मला पेटी आणि तिला सूप, म्हणजे जिंकले मीच. तेरा वर्षांची होते. त्यानंतर रोज दुपारी मी शाळेतून यायचे तेव्हा तुम्ही दोघी त्या कोपऱ्यात असायचात, डोक्याला डोकं लावून, एका सुपावर वाकलेल्या. ती काहीतरी चुकायची, तू तिच्या हातावर चापट मारायचीस आणि दोघी हसायचात. मला कधी तू चापट मारली नाहीस. एकदा मी दप्तर टाकून जवळ येऊन बसले तर तू म्हणालीस, "तुले हे कायले पायजे? तू अभ्यास कर." हे वाक्य मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं आहे. कोणी विचारलं की तुझ्या आईची कला तुझ्याकडे आली नाही का, तर मी हेच सांगते. तिनंच उठवलं मला.

आता मी काय करते ते सांगते. वाशीमला एका संशोधन प्रकल्पात मदतनीस आहे. आमच्या मॅडमचा विषय ऐकून तू हसशील. माणसं बियाणं ओळखतात ती कशानं, आणि ओळखणाऱ्याच्या शरीराचा त्यात किती वाटा, हे त्या शोधतात. वय, बाई की पुरुष, पोट भरलेलं की रिकामं, सर्दी, झोप, आई-बापाकडून आलेलं रक्त. याला आम्ही जैविक घटक म्हणतो. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "विज्ञानाला वाटतं की आपण फक्त वस्तू मोजतो. पण मोजणाऱ्यालाही अंग असतं." मग त्यांनी एकेक सांगितलं. आकाशातल्या ताऱ्यांच्या वेळा टिपणाऱ्यांना कळलं की प्रत्येकाचा डोळा आणि हात वेगवेगळ्या उशिरानं चालतो, तो उशीर वजा करावा लागतो. उंदरांवर प्रयोग करणाऱ्यांना कळलं की पिंजऱ्याजवळ पुरुष आहे की बाई यानंही उंदीर वेगळे वागतात. आणि औषधांचं तर असं की कित्येक वर्षं बरीचशी औषधं पुरुषांवरच तपासली गेली. कारण काय, तर बायकांच्या अंगात महिनाभर चढउतार चालू असतात, त्यानं आकडे बिघडतात. म्हणून बायकांना बाजूला बसवलं, आणि गोळी मात्र दोघांना तीच दिली. हे ऐकून मला इतका राग आला की मी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. हे लक्षात ठेव माय, ही रेघ पुढे लागणार आहे.

चाचणी अशी होती. स्टीलच्या वीस वाट्या, प्रत्येकीत मूठभर सोयाबीन. काही यंदाचं, काही जुनं, काही उन्हात तापलेलं, काही आपटलेलं. वाटीखाली फक्त खूण. खरं काय ते आम्ही आधीच ओल्या कागदात उगवून पाहिलेलं. समोरच्यानं दाणे हातात घ्यायचे, वास घ्यायचा, हवं तर चावायचं, आणि उगवेल की नाही ते सांगायचं. मी केनवडला गेले, मालेगावला गेले, शेलूबाजारच्या आसपासच्या गावांत फिरले. म्हातारे, तरुण, बायका, पुरुष. मॅडमनी सांगितलं होतं की ज्याचं नाक खरंच तयार आहे असं कोणी सापडलं तर आपण त्याला प्रयोगशाळेत बोलावू, आमच्या मुलींना शिकवायला. ते माणूस कोण असणार हे मला आधीच ठाऊक होतं. मी. तुझं रक्त आहे माझ्यात. वर विज्ञान शिकलेली आहे. मी सगळ्यात आधी स्वतःची चाचणी दुसऱ्या मुलीकडून घेतली. निम्म्या वाट्या बरोबर आल्या. निम्म्या, म्हणजे न बघता काहीही बोलले असते तरी आल्या असत्या तेवढ्या. मला सर्दी नव्हती. झोप झालेली होती. पोट ना भरलेलं ना रिकामं. मी सगळे रकाने तपासले, एकही कारण सापडेना. तो कागद मी फाइलमध्ये अगदी खाली सरकवला.

वहिनीची चाचणी शेवटी घेतली. घरचं माणूस म्हणून टाळत होते असं मी मॅडमना सांगितलं. ती त्याच कोपऱ्यात बसली होती, तुझ्या जागी. वाट्या मांडताना मला म्हणाली, "ताई, मी हात नाई लावत हं. मले अडचण हाये."

माझा आवाज चढला. "वहिनी, आता कोण पाळतं हे? नुसते दाणे आहेत. पेरायचे पण नाहीत."

"मायनं सांगतलं व्हतं, त्या दिवसात बियाले हात लावायचा नाई. मले दुसरं काई म्हाईत नाई. तुमी ओता, मी आयकतो."

"ऐकून काय कळणार?"

"ओता तं खरं. मास्तरीणबाई, भेऊ नका, तुमच्या वाट्या नाई खात मी."

मी या वाटीतून त्या वाटीत ओतलं. तिनं मान तिरपी केली, डोळे मिटले. "आणखी एक डाव." पुन्हा ओतलं. मग वाकून नाक वाटीपाशी नेलं, हात मागे बांधलेले. "हे नाई निंघत." पुढची वाटी. "हे निंघते." पुढची. "याले कोनं आपटलं वं? फुटकं बोलून राह्यलं." मी लिहीत होते आणि माझे कान गरम होत होते. आमच्या कागदावर शेवटी एक रकाना आहे, कोणाकडून शिकलात आणि त्या माणसाशी तुमचं नातं काय. रक्तानं हे येतं का, ते पाहण्यासाठी. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "मायकडून. पोरगी लिहा." मी तिच्याकडे पाहिलं. ती दाराकडे बघत पदरानं मान पुसत होती. मी लिहिलं, सून.

वाशीमला येऊन जुळवणी केली. दोन वाट्या सोडून सगळ्या बरोबर. इतक्या गावांत, इतक्या माणसांत असं कोणाचंच नव्हतं. मी तो कागद समोर ठेवून बसले आणि मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही. मी जळले. रक्त माझं होतं, नाक तिचं निघालं. प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलापाशी वहिनी उभी आहे आणि आमच्या मुली तिच्याभोवती डोकी जुळवून उभ्या आहेत, असं मला दिसायला लागलं. मग मी नियमांची प्रत काढली. तू मला ओळखतेस, मी नियम सोडत नाही. मी शाईचा डाग पडला तरी अख्खं पान पुन्हा लिहायचे. नियमात होतं की दाणे हातात घेऊन पाहावेत. बायकांसाठी एक नोंद होती, पाळी चालू आहे का. ती फक्त नोंद होती. ती असेल किंवा हात लावला नसेल तर कागद बाद करा असं कुठेही नव्हतं. मी लाल पेन घेतला, वहिनीच्या कागदावर तिरपी रेघ मारली आणि कारण लिहिलं : जैविक घटक, मासिक पाळी, त्यामुळे चाचणी नियमाप्रमाणे नाही. अक्षर छान आलं. मॅडमनी वाचलंही नाही. सही करताना म्हणाल्या, "तुझ्या कागदांवर मी डोळे मिटून सही करते बघ. तू स्वतःलाही सोडत नाहीस."

त्यानंतर पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मी वहीचं पहिलं पान उघडायचे आणि ती दोनदा मारलेली रेघ दिसायची. बायकांच्या अंगात चढउतार असतात, म्हणून त्यांना बाजूला बसवलं. कोण कुठल्या देशातले ते लोक, त्यांना मी मनात काय काय बोलले होते. आणि आपल्याच ओसरीत बसलेल्या बाईला मी तेच कारण लावलं. वर मीच तिला म्हणाले होते, आता कोण पाळतं हे. ती तर फक्त दाण्यांपासून चार दिवस लांब बसत होती. मी तिला कायमची उठवली होती.

गावी गेले तेव्हा तिनं पाणी देतादेताच विचारलं, "मंग ताई, मी पास का नापास?"

"अजून निकाल लागायचा आहे," मी म्हणाले. माझं तिच्याकडे बघणं होईना. म्हणून मी वाकडंच विचारलं, "वहिनी, हे ऐकून ओळखायचं तुम्हाला आलं कुठून? माय तर चावून सांगायची."

"चावून सांगे, पण महिन्यातले चार दिवस तं तीही बाहीर बसे ना. बाया तं तवाही येतच. मंग ती दूर बसून म्हणे, ओत पोरी, आयकू दे. मी ओतो. ती म्हणे, काय बोललं? मी म्हणो, काईच नाई बोललं. ती म्हणे, कान फुटले का वं तुये, पुन्हा ओत." वहिनी हसायला लागली. "त्याच चार दिवसात शिकली मी. हातानं तं कोनालेबी येते."

मी तुझ्याशेजारी असलेली वहिनी इतक्या वेळा पाहिली, पण हे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत तू कोपऱ्यातून उठून मागच्या पडवीत बसायचीस आणि मला वाटायचं आज दुकान बंद आहे. मी म्हणाले, "मला नाही कधी बोलावलं तिनं."

वहिनीनं सूप खाली ठेवलं. ती जपून बोलली, पण बोलली. "बोलावलं व्हतं ना ताई. माया लग्नाच्या आधी. मायनंच सांगतलं मले. म्हणे, लहानीले बसवलं व्हतं चार दिवस, तं म्हणते शाळेच्या कपड्याले वास लागते, पोरी हासतात. म्हणून मंग म्हणे, तिले नाई बोलवत, तू बस. राग नोता तिले. हासूनच सांगे."

माय, मला ते आठवलं. विसरले नव्हतेच, फक्त त्या बाजूला जात नव्हते. निळा स्कर्ट होता. खवट तेलाचा वास होता. वर्गात एका मुलीनं नाक धरलं होतं आणि मी घरी येऊन तुझ्यासमोर स्कर्ट फेकला होता, म्हणाले होते, मला नको तुझी ती घाण. तू तो स्कर्ट रिठ्यानं दोनदा धुतलास आणि वाळत घातलास तो बियाण्यापासून लांब, कडुनिंबाच्या फांदीवर. "तुले हे कायले पायजे" हे तू त्याच्या नंतर म्हणालीस, किती तरी नंतर. मी वाक्य तेवढं ठेवलं आणि त्याच्या आधीचं टाकून दिलं. प्रयोगात असं कोणी केलं असतं तर मी त्याचा कागद बाद केला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली जीप धरून मी शेलूबाजार आणि तिथून वाशीम गाठलं. मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाळीचं कारण खोटं लावलं हे सांगितलं, निम्म्याच वाट्या बरोबर आलेला माझा स्वतःचा कागद खाली लपवला तेही सांगितलं. कामावरून काढतील असं वाटत होतं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून खूप वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "आणि आपण त्या औषधवाल्यांना हसत होतो." एवढंच. ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "रेघेवर रेघ मारू नकोस, खोडूही नकोस. खाली तारीख घालून लिही की ही रेघ कोणी मारली आणि का चुकीची होती, आणि सही कर. माझी पण घे, मी न वाचता केली होती." मी लिहिलं. "का चुकीची" याच्यापुढे आधी नियम लिहिला. मग पेन थांबला. मग दुसऱ्या ओळीत लिहिलं, नोंद करणारीला सहभागी व्यक्तीचा हेवा वाटत होता. सरकारी कागदावर हा शब्द कोणी कधी लिहिला असेल का, मला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. तोही घटकच आहे."

वहिनी पुढच्या सोमवारपासून प्रयोगशाळेत येणार आहे. मुलींना शिकवायला. मी फोनवर सांगितलं तेव्हा आधी तिला खोटंच वाटलं. "मले? तिथं? अन् माह्या अडचणीच्या दिवसात?" मी म्हणाले, त्या दिवसांत तर याच. ती म्हणाली, "बाप्पा! माय असती तं पेढे वाटले असते तिनं." ती माय म्हणाली की मला अजून टोचतं. तुला चौदा वर्षांत कोणी माझ्याइतकं आठवलं असेल तर ते तिनंच. तिच्याकडे तू रोज हातात येतेस आणि माझ्याकडे पत्र्याची पेटी आहे, जिच्यातला कोनमापकही आता पुसट झाला आहे. रक्तानं काय काय येतं याची यादी मी तोंडपाठ म्हणून दाखवीन. नाकाचा आकार आला आहे तुझा. चारचौघांत लाजणं आलं आहे. नाक चालवणं येत नाही, त्याला कोणाच्या तरी शेजारी बसावं लागतं, कपड्यांना वास लागू देत.

सोमवारी मीही बसेन मुलींमध्ये. बसेन असं ठरवलं आहे. तिनं माझ्या हातावर चापट मारली तर मला काय वाटेल, ते आत्ता सांगता येत नाही.

हे पत्र मी वहिनीच्या कागदाच्याच फाइलमध्ये ठेवणार होते, पण ती मॅडमकडे जाते, म्हणून कंपासपेटीत ठेवते. मघाशी शेवटचं तपासायला तो कागद पुन्हा काढला होता. रेघेखालचा खुलासा आहे, दोन्ही सह्या आहेत, वाट्यांचे निकाल बरोबर आहेत. नियमात एक असंही आहे की सहभागी व्यक्ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावं. नात्याच्या रकान्यात तिनं पोरगी लिहा म्हटलं होतं. तिथे अजून सून आहे. पेन उघडून बराच वेळ धरला, मग टोपण लावलं. बाकी सगळं मी दुरुस्त केलं, माय. तेवढं एक नाही केलं.